मतदान झालं, मृणाल

मृणाल,

तुला घ्यायला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर गेले होते, पण या वेळी अरायव्हल्सच्या दाराशी नाही. कार्गोचा रस्ता वेगळा असतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. विमानतळाला मागून वळसा घालून जावं लागतं. तिथे ट्रक उभे असतात, फोर्कलिफ्ट फिरत असतात आणि काचेमागे बसलेला माणूस ओळखपत्र मागतो. फ्युनरल होमवाल्याने फोनवर सांगितलं होतं, घरच्यांनी यायची गरज नाही, आम्ही आणतो. मी म्हटलं, "तिला घ्यायला नेहमी मीच जाते."

तुझे काका म्हणाले, "अगं, तुला त्रास नको म्हणून सांगतोय तो बिचारा."

"कळलं मला. गाडी काढा."

बाहेर बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता. पेटीवर दोन विमानतळांची लेबलं होती. कागद मी तपासले, सह्या केल्या, पेटी गाडीत नीट बसली ना ते पाहिलं. मग मला काही करायला उरलं नाही. पार्किंगमध्ये एका लोखंडी खांबाला धरून उभी राहिले. फ्युनरल होमच्या माणसाने टोपी काढून हातात धरली आणि मला जेवढा वेळ लागला तेवढा दिला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

तुझं शिक्षण, तुझी पदं, तू कुठे कुठे काम केलंस, हे इंग्रजी पेपरांत आलं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादिका मला म्हणाल्या, "तुम्ही घरातलं लिहा." घरातलं म्हणजे आपली भांडणं. तुझी आई गेली तेव्हा तू कॉलेजात होतीस. तेव्हापासून तुझी विमानं, तुझी बॅग, तुझे डॉक्टर हे सगळं खातं माझ्याकडे आलं, आणि त्याबरोबर भांडायचा हक्कही. तुझे बाबा, म्हणजे आमचे भाऊजी, कधी भांडले नाहीत. भाऊजी फक्त म्हणायचे, "तिला कळतं ती काय करते ते." त्यावरही मी भांडायचे.

मला तुझं काम पहिल्यांदा कळलं ते दोन हजार एकच्या हिवाळ्यात, आणि तेही आमच्याच रस्त्यावर. शेजारच्या म्हाताऱ्याने अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर आमच्याशी बोलणं सोडलं होतं. वर्षानुवर्षं टोमॅटोची रोपं देणारा माणूस आम्हाला पाहिलं की गॅरेजचं दार खाली घ्यायचा. मी ठरवलं होतं, तो बोलेपर्यंत आपणही बोलायचं नाही. तू सुट्टीला आलीस, हे ऐकलंस आणि फावडं घेऊन त्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेलीस.

मी दारातून ओरडले, "अगं, माफी त्याने मागायची आणि बर्फ तू काढायचा?"

"काकू, माफी नंतर. आधी टॉक."

तू तासभर त्याच्या स्वयंपाकघरात बसलीस. परत आलीस तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला? तू म्हणालीस, "त्याचा नातू आर्मीत गेलाय. त्याला भीती वाटते. तुमची नाही, सगळ्याचीच." वसंतात रोपं आली. माफी त्याने शेवटपर्यंत मागितली नाही, आणि मला ते आजही खुपतं. तुला ते कधी खुपलं नाही. त्यानंतर आम्ही त्या घराशेजारी सुखाने राहिलो हे तुझ्यामुळे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग नेपाळ सुरू झालं. तू ज्या छोट्या संस्थेत होतीस तिचं काम एकच, एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांना एका खोलीत बसवायचं. तिथे राजा एका बाजूला, राजकीय पक्ष दुसऱ्या बाजूला आणि जंगलातले बंडखोर तिसऱ्या बाजूला. बंडखोर अमेरिकेच्या दहशतवाद्यांच्या यादीत होते, आणि तू अमेरिकन नागरिक. तुमच्या वकिलाने बजावलं होतं की त्यांच्याशी बोलताना जपून, आणि त्यांना देणं तर काहीच नाही. पैसे नाहीत, वस्तू नाही, चहासुद्धा नाही.

हे मला माहीत नव्हतं. मी आपली तुझ्या बॅगेत चकल्यांचा डबा भरला, बैठकीत सगळ्यांना द्यायला. दोन दिवसांनी तुझा फोन.

"काकू, तू मला जेलमध्ये पाठवणार आहेस."

"का? जळल्यात?"

"एकदम मस्त आहेत. पण मी त्यांना ऑफर करू शकत नाही. माझा लॉयर म्हणतो, इट्स सपोर्ट."

"चकली?"

"चकली."

"आणि समोर बसून एकटीने खाल्लीस तर?"

"तर ते टॉक्स सोडून जातील, यार."

तू मला यार म्हणायचीस आणि मी दर वेळी म्हणायचे, यार काय, काकू आहे मी. मग तू विचारलंस, आपल्या पॉटलक जेवणाला कसं करतात? कोण काय आणणार ते कोण ठरवतं? मी सांगितलं, ठरवते मी, आणतो ज्याचा तो. तेवढंच तुला हवं होतं. पुढच्या बैठकीला तू नियम केलास, ज्याने त्याने आपला चहा आणि आपलं खाणं स्वतः आणायचं. कोणी कोणाला काही द्यायचं नाही. पहिल्या दिवशी सगळे आपापल्या थर्मासमधून चहा पीत गप्प बसले. दुसऱ्या दिवशी एका पक्षाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने आपला थर्मास बंडखोरांच्या माणसापुढे सरकवला. तो अमेरिकन नव्हता, त्याला कोणता वकील अडवणार? तू म्हणालीस, "मी फक्त खिडकीतून बाहेर बघत होते, काकू." त्या दिवशी तू किती हसलीस! चकल्या परत आणल्यास, मऊ पडलेल्या, आणि आपण दोघींनी त्या आमटीत बुडवून संपवल्या.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये तू आमच्याकडेच होतीस. डायनिंग टेबलावर तुझा लॅपटॉप, कानाला फोन, समोर न खाल्लेलं ताट. काठमांडूत कर्फ्यू होता आणि तो मोडून लोक बाहेर आले होते. तुला भेटायला आलेले भाऊजी तुझ्या खुर्चीमागे उभे राहून चित्रं बघत होते. बायका, दुकानदार, डॉक्टर, सरकारी नोकर. एका चित्रात चपलांचा ढीग होता, नुसत्या चपला, पळताना सुटलेल्या. तू ते चित्र मोठं केलंस आणि बराच वेळ तेच बघत राहिलीस.

राजा मागे हटला, संसद परत बोलावली, त्या दिवशी मी शिरा केला. आणि शिरा वाढता वाढता तुला टोचलं, "लोकांनी रस्त्यावर येऊन केलं की सगळं. मग तुम्ही बाहेरची मंडळी कशाला?"

तू म्हणालीस, "लोक आता घरी जातील, काकू. जायलाच हवं, दुकानं उघडायचीत. मग बंदुका कोणाकडे राहणार, मतदान कोण घेणार, केव्हा, कोणत्या नियमांनी, हे कोणीतरी रोज बसून ठरवायला हवं. फार बोअरिंग असतं ते. कोणी फोटो काढत नाही."

"आणि ते तुम्ही ठरवणार?"

"नो, नो. ते ठरवतात. आम्ही खोली देतो, भाषा जुळवतो आणि कोणी उठून गेला तर त्याच्यामागे धावतो."

धावण्याचं काम तुझ्याकडे होतं. तू खरंच धावायचीस, हॉटेलच्या जिन्यांवरून, पार्किंगमधून. हे मला सरिताने नंतर सांगितलं. सरिता, तुझ्याबरोबर दुभाष्याचं काम करणारी ती काठमांडूची मुलगी.

मग कुलपाचं भांडण. ते राहिलंच. युद्ध थांबलं, करार झाला, तू नाताळात आलीस आणि सांगितलंस की बंडखोरांची शस्त्रं लोखंडी कंटेनरमध्ये ठेवून कुलूप लावणार. मी विचारलं, किल्ली कोणाकडे? तू म्हणालीस, त्यांच्याकडेच.

मी पोळी लाटत होते. लाटणं खाली ठेवलं. "ज्यांना आवरायचं त्यांच्याच हातात किल्ली? हे कुलूप आहे की नाटक?"

"कॅमेरा आहे. अलार्म आहे. उघडलं की बाहेरच्या निरीक्षकांना कळणार. आणि तेवढीच शस्त्रं आर्मीपण ठेवणार, सेम अरेंजमेंट."

"कळून करणार काय? अलार्म वाजेपर्यंत बंदुका बाहेर."

"काकू, किल्ली काढून घेतली तर ते हरले असं होतं. हरलेला माणूस सही करत नाही."

"मग करू नका सही."

"आणि अजून माणसं मरू देत?"

भाऊजी म्हणाले, "पोळी जळतेय." भांडण तिथे थांबलं. नंतरच्या प्रत्येक फोनवर मी पहिलं विचारायचे, "उघडलं का कुलूप?" आणि तू म्हणायचीस, "नॉट टुडे." मला अजूनही ती व्यवस्था पटलेली नाही. पटवून द्यायला तू हवी होतीस.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात साध्या तपासणीत तुझ्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगलेली दिसली. शिकागोच्या सर्जनने चित्र काढून दाखवलं, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तसा. मी शेजारी बसले होते. तो म्हणाला, उद्याच करायला हवं असं नाही, पण रेंगाळू नका. जड उचलू नका, धावू नका, गोळ्या घ्या. तू लगेच विचारलंस, "डिसेंबर चालेल?" कारण नेपाळमधलं जूनचं मतदान तोपर्यंत नोव्हेंबरवर गेलं होतं, आणि ते झाल्याशिवाय तू हलणार नव्हतीस. तो म्हणाला, चालेल. मी डिसेंबरची तारीख घेतली. तुझी खोली तयार केली, पलंग खालच्या मजल्यावर आणला, म्हणजे जिना नको. पथ्याचं ठरवलं. भाऊजी तेव्हाच आमच्याकडे राहायला आले, तुझ्या शुश्रूषेसाठी म्हणून. ते अजून इथेच आहेत.

ऑक्टोबरमध्ये तिथलं मतदान पुन्हा पुढे गेलं. तुझा फोन आला, सकाळी, मी कामाला निघता निघता.

"काकू, डिसेंबरचं कॅन्सल कर."

"करणार नाही."

"इलेक्शन एप्रिलवर गेलंय."

"गेलं तर गेलं. तू ऑपरेशन कर आणि मग जा. सहा आठवडे, फार तर आठ."

"आत्ता नाही जमणार."

"तुझ्याशिवाय मतदान होणार नाही का त्यांचं?"

तू म्हणालीस, "तो प्रश्नच नाहीये. दोनदा तारीख गेली. आता सगळे एकमेकांकडे बघतायत, आधी कोण उठतं ते. बाहेरच्यांपैकी एक जरी बॅग भरून निघाला ना, तर म्हणतील, बघा, यांचाही विश्वास संपला. मला आत्ता बॅग भरता येत नाही. दॅट्स ऑल."

"तुझं कारण त्यांना सांग. आजारी माणूस जातो, त्याचा अर्थ कोणी काढत नाही."

"तिथे सगळ्याचा अर्थ काढतात, काकू."

मी फोन भाऊजींकडे दिला. म्हटलं, तुम्ही सांगा, बाप आहात. भाऊजींनी फोन घेतला, ऐकलं, "हं, हं" केलं, आणि शेवटी म्हणाले, "मे महिन्याची तारीख घेऊ मग. पक्की?" तू म्हणालीस, पक्की. मला त्या दिवशी तुम्हा दोघांचाही इतका राग आला की मी आठवडाभर भाऊजींच्या चहात साखर घालायची विसरत होते, आणि ते तसाच पीत होते. हॉस्पिटलला फोन करून तारीख मीच बदलली. दुसरं कोण करणार?

मार्चमध्ये, दुपारच्या वेळी, काठमांडूच्या ऑफिसच्या जिन्यात तू खाली बसलीस. सरिता म्हणाली, दम लागला असं वाटलं. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. तू कोणाच्या मागे धावत होतीस की नुसती चढत होतीस, हे मी विचारलं नाही. विचारणार नाही.

इथलं सगळं नीट झालं. गुरुजींनी त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीतून अर्धा दिवस सुट्टी काढली, सोवळ्यावर जाड पार्का कोट घालून आले. पेटी उघडली तेव्हा तुझ्या गळ्यात तिथल्या लोकांनी घातलेली रेशमी ओढणी होती आणि झेंडूची माळ, काळी पडलेली. गुरुजींनी विचारलं, हे काढायचं का? भाऊजी म्हणाले, "राहू दे." मंत्र झाल्यावर बटण भाऊजींनी दाबलं. इथे अग्नी द्यायचा म्हणजे बटण दाबायचं असतं. तुझ्या काकांनी वरून त्यांचा हात धरला.

नंतर काठमांडूहून फोन येत राहिले. बंडखोरांच्या एका माणसाचा आला, सैन्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचाही आला. दोघांशी मीच बोलले. गंमत सांगू? दोघांनाही खात्री होती की तू मनातून त्यांच्या बाजूची होतीस. मी दोघांनाही "हो" म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही. तू असतीस तर मला शाबासकी दिली असतीस.

भेटायला माणसं येत होती. भाऊजी प्रत्येकाला तेच सांगत होते, त्याच शब्दांत. "तिच्याशिवाय तिथलं काम अडलं असतं. म्हणून थांबली ती." लोक माना हलवायचे. मी चहा आणायला आत जायचे. त्या एका वाक्याला धरून भाऊजी उठत होते, दाढी करत होते, जेवत होते. सकाळी इंटरनेटवर तिथल्या बातम्या वाचत होते. पुन्हा तारीख जाते की काय, एवढीच त्यांना धास्ती. मला म्हणाले, "वहिनी, हे मतदान झालं नाही, तर मग..." मलाही तेच वाटत होतं, आणि मी ते कधी दिसू दिलं नव्हतं. ते मतदान झालंच नाही, तर तू कशासाठी गेलीस याला उत्तरच नव्हतं.

मतदान झालं, मृणाल. एप्रिलमध्येच झालं. आमची सकाळ होती, तिथली संध्याकाळ. सरिताचा फोन आला. भाऊजी फिरायला गेले होते. ती रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, पहाटेपासून रांगा होत्या, म्हाताऱ्या बायका कोणाच्या तरी पाठीवर बसून आल्या. तिच्या आईने मत दिल्यावर नखावरची शाई पुसली जाईल म्हणून दिवसभर भांडी घासली नाहीत. काही ठिकाणी मारामाऱ्या झाल्या, पण ज्याची भीती होती तसं झालं नाही. जंगलातून आलेले लोकही मतपत्रिकेवर होते आणि ते जिंकतील असा रंग होता. "कोणाला वाटलं नव्हतं, आंटी."

मी तिला अडवलं. मला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला हक्काचं माणूस तीच होती. म्हटलं, "सरिता, खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. मृणाल डिसेंबरमध्ये घरी आली असती, तरी हे झालं असतं का?"

मी वाट पाहिली.

मग ती म्हणाली, "हो आंटी. झालं असतं. थोडं अवघड गेलं असतं. पण झालं असतं." आणि लगेच, घाईघाईने, "दीदी स्वतःच म्हणायची, आपलं काम नीट झालं की आपल्याशिवाय चालतं."

मी तिचे आभार मानले. खरंच मानले. फोन ठेवल्यावर ओटा पुसला, जो स्वच्छच होता.

त्या वाक्याशी मी रोज भांडते आहे. कधी वाटतं, मग आली का नाहीस? एवढं "थोडं अवघड" त्यांचं त्यांनी सोसलं असतं. कधी ती चपलांचा ढीग बघणारी तू आठवतेस, आणि मला कळतं की ते "थोडं" तुझ्या लेखी थोडं नव्हतं. दोन्ही खरं आहे. दोन्हीकडची माणसं एका खोलीत बसवायचं तुझं कसब माझ्याकडे नाही. माझ्यात ती दोघं नुसती भांडतात.

भाऊजी फिरून आले, बूट काढले, विचारलं, "फोन होता?"

"सरिताचा. मतदान झालं."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "झालं. बघा, म्हणून थांबली होती ती." आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सरिताने तुमची चौकशी केलीय." तेही खोटं नव्हतं. पण तेवढंच सांगितलं.

आता हे लिहिल्यावर एक अडचण आली आहे. मंडळाचा अंक भाऊजी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. सरिता काय म्हणाली ते त्यांना छापील कागदावर कळता कामा नये. तो भाग गाळावा असं दोन दिवस मनात होतं. संपादिकेला काही कळलं नसतं. पण तुझ्याबद्दल लिहायचं आणि ते गाळायचं, तर मग हे कोणाबद्दल लिहिलं?

म्हणजे हा लेख पाठवायच्या आधी मला त्यांच्यासमोर बसून ते सांगावं लागणार. नरम करून नाही आणि टोचूनही नाही. कसं ते मला माहीत नाही. तुला माहीत होतं.

आज रविवार आहे. तुझे काका डेव्हनच्या देशी बाजारात भाजी आणायला गेलेत, घरात आम्ही दोघंच आहोत. भाऊजी तुझ्यासाठी लावलेल्या त्या खालच्या खोलीत रेडिओ लावून बसलेत. मी चहा ठेवला आहे, त्यांच्या कपात साखर घालून. जाते.